वाघाचा बोकड

मुळशीच्या डोंगरात मी कोळशाच्या भट्ट्यांवर देखरेखीला होतो, तेव्हा एक धनगर रोज आमच्या ट्रकला आडवा यायचा. काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले, आणि कळपापुढे लांब दाढीचा काळा बोकड. रस्ता सोडायची घाई दोघांनाही नसे.

दर दिवाळीत, वाघबारशीच्या रात्री, तो हा बोकड रानातल्या वाघोबाच्या दगडापाशी बांधायचा. वाघाला वाटा दिला की तो वर्षभर कळपाला हात लावत नाही, अशी त्यांची रीत. पण भोवतालचं रान आमच्या भट्ट्यांत गेलेलं. सकाळी बोकड तिथंच रवंथ करत असे.

एकदा धुळवडीच्या मटणासाठी मी तो बोकड विकत मागितला.

"न्हाई. वाघाचा हाय."

"अहो, वाघ राहिलाय कुठं?"

"मला काय इचारताय?" त्यानं ट्रकमधल्या कोळशाकडे हनुवटी उडवली. "त्याचं घर तुमी जाळलंय. म्या माझा शबुद पाळतुया."

काही वर्षांनी बोकड दिसेना. मी जरा आशेनंच विचारलं, "नेला का वाघानं?"

"म्हातारा हून मेला."

मग एक काळं करडू उचलून त्यानं माझ्यापुढे धरलं.

"आता ह्यो वाघाचा."