तविता आणि त्याचा राखीव गडी

रग्बीत धावण्यापेक्षा बर्फ लावून बसण्यातच जास्त वेळ जातो. कुणाचा खांदा, कुणाचा घोटा, कुणाची मान! आणि शंभर-सव्वाशे किलोची माणसं गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली, की बोलण्याशिवाय करणार काय? आमच्या पुण्याच्या टीममध्ये मी पदकं काही जमवली नाहीत. किस्से मात्र इतके जमले, की लग्नाकार्यात लोक मला नीट जेवू देत नाहीत.

मी मार्गासनी गावचा. आधी तालमीत कुस्ती, मग रग्बी. माझी जागा प्रॉपची. म्हणजे दोन्हीकडचे फॉरवर्ड वाकून, डोकी भिडवून एकमेकांना रेटतात ना, त्या स्क्रमच्या पहिल्या रांगेत कडेला. पण ही जागा होती तविताची. तो सामोअन घरातला, जन्म ऑकलंडचा. न्यूझीलंड, फ्रान्स, जपान असं खेळून करिअरच्या शेवटाला पुण्यात आलेला. मी त्याचा राखीव. तो बाहेर आला तरच मी आत. तो बाहेर येत नसे!

*

तविताला विचारलं, तुझा सगळ्यात भारी ट्राय कुठला? ट्राय म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं.

म्हणाला, "फ्रान्समधला. तसा तो एकच आहे."

त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. मला फक्त माणसांचा ढीग दिसला.

"यात तू कुठंय?"

"सगळ्यात खाली. आईला पाठवला, तर तिनं तीनदा बघितला आणि म्हणाली, व्हिडिओ छान आहे, पण कुणाचा आहे?"

मग त्यानं आईला ढिगातून बाहेर आलेला एक बूट दाखवला. तेव्हा कुठं माउलीला पटलं. चर्चमधून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती व्हिडिओ थांबवून सांगायची, "हा बूट माझ्या मुलाचा!"

*

टीमनं आम्हा दोघांना एकच खोली दिली. मी आईला फोन केला.

"सोबत कोन हाय रं?"

"तविता."

 पलीकडं भांडं पडल्याचा आवाज. मग अण्णा, म्हणजे माझे वडील, फोनवर आले.

"दत्त्या, आधी लगीन, मग खोली! आमी अजून जित्तं हाय!"

मी घाईघाईनं तविताचा फोटो पाठवला. उघडा, मांडीवर गोंदलेला, हातात कलिंगडाची मोठी फोड घेतलेला.  मग अण्णांचाच फोन.

"ह्यो तुज्या जागंवर खेळतो?"

"व्हय."

अण्णांनी मोठा सुस्कारा सोडला. "ह्याच्यापरीस पोरगी असती तर बरं झालं असतं रं!"

*

त्यानंतर अण्णांना रग्बीत रस वाटू लागला. म्हणजे तविताच्या उजव्या गुडघ्यात. तो जुना दुखावलेला आहे, हे मीच सांगून बसलो होतो. दर रविवारी फोन.

"गुडगा कसा हाय त्याचा?"

"बरा आहे."

"आरारा!"

एकदा मी फोन स्पीकरवर ठेवला आणि तविता शेजारीच होता. "काय म्हणतात तुझे वडील?" मी सांगितलं, "तुझ्या गुडघ्याची काळजी करतात." तो इतका भारावला, की म्हणाला, मला त्यांना भेटायचंय!

*

झालं! सुट्टीला आम्ही एसटीनं निघालो. दोघांच्या सीटवर आम्ही दोघं मावेना. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, येकानं नसरापूरपातूर हुबं ऱ्हावा, मग बदली करा." इथंही राखीव मीच. पार घरापर्यंत उभा!

तविता आईसमोरून जाताना कमरेत वाकून जायचा. मोठ्यांसमोरून ताठ जायचं नाही, ही त्यांची रीत. आई मला म्हणाली, "बघ, शिक जरा!"

परसात मोरीच्या पाण्यावर अळू माजलेलं. ते बघून हा एवढा गडी वासरासारखा उधळला! त्याची आई नारळाच्या दुधात अळू शिजवते म्हणे. त्यानं स्वतः पानं निवडली, नारळ खवला, पातेलं चुलीवर ठेवलं. मला भूक लागलेली.

"शिजलं," मी म्हणालो.

"अजून नाही."

"अरे, आमच्या घरचं अळू आहे! मला कळतं!"

मी पहिला घास घेतला आणि घशात कुणी काटेरी तार ओढल्यासारखं झालं. तविता शांतपणे आणखी तासभर ढवळत बसला. मग घरातले सगळे जेवले, मी चिंच चोखत बसलो. आई त्याला दुसऱ्यांदा वाढत म्हणाली, "पोटचा ह्यो हाय, पर अळू त्यालाच कळतंय."

जेवल्यावर अण्णांनी मोबाईलवर आमची मॅच बघितली. स्क्रम लागला. सगळे खाली वाकलेले.

"काय हरवलंय व्हय त्यांचं?"

मी तविताला भाषांतर करून सांगितलं. तो खो-खो हसला. म्हणाला, "त्यांना सांग, चार देशांत शोधलं, अजून सापडलं नाही!"

अण्णा पहिल्यांदा त्याच्याकडं बघून हसले. संध्याकाळी त्याच्या गुडघ्याला तेल चोळत बसले. मी आपला घसा धरून बाजूला.

*

हंगामाचा शेवटचा सामना. तविताचा तर कायमचा शेवटचा, त्यानं तसं आम्हाला, अण्णांनाही, सांगितलं होतं. अण्णा पुण्याला आले, आयुष्यात पहिल्यांदा मला खेळताना बघायला. पूर्ण हंगामात मी जेमतेम घाम येण्याइतका खेळलो होतो. पण कोच म्हणाले होते, आज नक्की.

आम्ही थोडक्यात मागं होतो. शेवटची काही मिनिटं उरलेली, आणि तविता लंगडायला लागला. पडायचा, उठायचा, पुन्हा स्क्रमला जाऊन वाकायचा. आमचे कोच परदेशी. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "दत्ता, तयार हो!"

मी जाकिटाची चेन काढली.  सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं! तविताला खेळाडू बदलीच्या फलकावर स्वतःचा नंबर दिसला.  नुसता दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला, खाली मान घालून.

तेवढ्यात दोरीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"ए! बस खाली! त्याचा शेवटचा हाय!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. पांढरी टोपी, हातात पिशवी, दोरीला रेटून अण्णा उभे.

कोच गोंधळले. "कोण आहे तो माणूस? तुझ्या ओळखीचा आहे का?"

मी जाकिटाची चेन वर ओढली आणि बाकावर बसलो.

"नाही सर. कधी बघितला नाही."