चीफसाहेबांचे जर्मन मास्तर

अडीचशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाशी रोज सकाळी चहाबरोबर वाद घालणारा गृहस्थ उभ्या सिंगापुरात एकच होता, आणि तो नेमका यिशुनला आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. जन्मभर जहाजांवर चीफ इंजिनिअर होते म्हणून आम्ही त्यांना चीफसाहेब म्हणायचो. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत ते किनाऱ्यावरच्या कुठल्याशा कंपनीत इंजिनं तपासत. ती मात्र नुसती नोकरी. खरं काम म्हणजे मास्तरांचं चरित्र. हे मास्तर बर्लिनचे जुने शाळामास्तर आणि पक्षिशास्त्रज्ञ. भिंगऱ्या, ही चिमणीएवढी पाखरं, थंडीत तळ्याच्या तळाशी झोपून राहतात, असं त्या काळी भलेभले मानत. मास्तरांनी भिंगऱ्यांच्या पायांना पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचे धागे बांधले. पुढल्या वर्षी पाखरं परतली ती रंग शाबूत घेऊन. म्हणजे तळ्यात कुणी बुडी मारलेली नव्हती.

"पण पावसाचं काय?" चीफसाहेब कप आपटून विचारत. "वाटेत पाऊस लागला तरी रंग जाणारच की. मास्तर इथे घसरले." एवढं बोलून पुन्हा त्याच मास्तरांवर पानंच्या पानं भक्तिभावानं लिहीत. अडचण इतकीच की त्यांचं सगळं जर्मन इंजिनांच्या मॅन्युअलमधून आलेलं. त्यामुळे हस्तलिखितात भिंगरी 'पूर्ण भारावर' उडे, पिल्लांना 'इंधनपुरवठा' होई आणि खुद्द मास्तर म्हातारपणी 'झिजेमुळे सेवेबाहेर' जात. माझ्या बायकोनं भाषा जरा मऊ करा असं सुचवलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, मूळ मजकुराशी छेडछाड केली की वॉरंटी जाते."

एका फेब्रुवारीत त्यांच्या खिडकीवर एक भिंगरी आपटली. दुपारभर बुटाच्या खोक्यात ठेवून त्यांनी तिला शुद्धीवर आणलं आणि आमच्या मुलीच्या रंगपेटीतल्या लाल रंगात धागा बुडवून तिच्या पायाला बांधला. "अंकल, नॉट सो टाइट, लाह," मुलगी रडवेली होऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. त्यांनी गाठ सैल केली. भिंगरी उडाली. शेवटचं प्रकरण त्यांनी तिच्यासाठी कोरं ठेवलं.

पण जूनमध्ये करार संपला, कामाचा पास संपला आणि चीफसाहेबांना पुण्याला परतावं लागलं. जाताना दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणाले, "तेवढं बघाल ना?"

ऑक्टोबरात भिंगऱ्या हजारोंनी आल्या. तांजोंग पगार भागातलं माझं ऑफिस सुटलं की मी थेट यिशुनच्या बाजाराजवळ त्या रात्री वस्तीला येत त्या झाडांखाली उभा राहायचो. मान अवघडली, शर्ट खराब झाले, धागा काही दिसला नाही. दर रविवारी त्यांचा फोन येई, आणि दर रविवारी आवाज अधिकच थकलेला. दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं होतं. चौथ्या रविवारी माझ्याच्यानं राहवेना.

"दिसली," मी म्हणालो.

"आणि रंग?"

"लाल. जसाच्या तसा."

ते म्हणाले, "म्हणजे मीच चुकलो. मास्तरांची माफी मागायला हवी." इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

डिसेंबरात ते गेले. मुलानं हस्तलिखिताची झेरॉक्स पाठवली. शेवटच्या प्रकरणात मास्तरांची रीतसर माफी होती, आणि खाली लिहिलं होतं, 'निरीक्षण यिशुन येथील एका भरवशाच्या माणसाने केले आहे.' वाचून मला फार लाज वाटली. तेव्हापासून दर ऑक्टोबरात मी दुर्बीण घेऊन त्या झाडांखाली जातो आणि अंधार पडेपर्यंत एकेका भिंगरीचे पाय बघत राहतो.