हळदकुंकवाचे चार कोपरे

मुलुंडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे सोसायटीतली जिन्याखालची जागा, दोन मशिनी आणि एक आरसा. तयार ब्लाउज देताना मी त्याला टाचणीने एक चिठ्ठी लावते. हाताने लिहिलेली. 'विश्वासाने कापड दिलंत, आभारी आहे. कुठे काचलं तर सोसत बसू नका, घेऊन या.' खाली 'सौभाग्य अखंड राहो', आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाचं बोट.

हे मी धंदा वाढावा म्हणून सुरू केलं नव्हतं. भीतीपोटी केलं. आठवीत शाळा सुटली; चार शब्द समोरासमोर नीट बोलणं मला अजून जमत नाही. बाई पिशवी उचलून निघाली की वाटायचं, गेली, आता ही परत येत नाही. तोंडाने थँक्यू म्हटलं तर ते माझं मलाच खोटं वाटायचं. म्हणून लिहायला लागले.

कोपऱ्यांची रीत आईची. वडील मुंबईत कामाला होते, तेव्हा ती गावाहून त्यांना पत्र लिहायची. चौथी शिकलेली, अक्षर लावणीतल्या रोपासारखं एकेक रोवत जायची. लिहून झालं की देवापुढचा करंडा घेऊन यायची. कागद उडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी दाबून धरायचे आणि ती चारी कोपऱ्यांना बोट टेकवायची. लोक लग्नपत्रिकेला लावतात. आई साध्या पत्रालाही लावायची.

वडील गेले. शाळा सुटली आणि शिवण शिकायला मी मुलुंडला मावशीकडे आले. मग आईची पत्रं मला यायला लागली. पहिलं पत्र उघडलं तेव्हा मी आधी कोपरे बघितले. कोरे होते. उलटून बघितलं, मागेही नाही. मजकूर नेहमीचाच: गाय व्यायली, फणस यंदा कमी, तू जेवतेस ना. पुढची सगळी पत्रं तशीच कोऱ्या कोपऱ्यांची आली. मी कधी विचारलं नाही. आता फोन आहे, रोज बोलतो, पण फोन ठेवल्यावर हातात काही राहत नाही.

दुकानात हुकं लावायला, काजं करायला माझी मैत्रीण येते. तिने पहिल्यांदा चिठ्ठी बघितली आणि म्हणाली, "ब्लाउज शिवतेस की पत्रिका वाटतेस गं?" पण कुणीतरी चिठ्ठीचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, समोरच्या टॉवरमधून बायका यायला लागल्या आणि दुसरी मशीन आली. तेव्हा मैत्रीणच म्हणाली, "लिही बाई, लिही. हात दुखला तर मी दाबून देते."

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना मी बाईच म्हणते. पहिली चिठ्ठी त्यांनी लाल पेनाने तपासून परत आणली होती.

"शाळा का सोडलीस?"

"सुटली, बाई."

"बरं. लिहिणं सोडू नकोस."

मग त्यांनी बहीण आणली, नणंद आणली, सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या आणल्या. माझं निम्मं काम त्यांच्यामुळे.

गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नासाठी बाईंनी जांभळं रेशमी कापड दिलं आणि नवऱ्याला घेऊन नाशिकला मुलीकडे गेल्या. महिन्याने त्यांची सून ब्लाउज न्यायला आली. मी दुसऱ्या एकीचं माप घेत होते. चिठ्ठ्या मी दुपारी गठ्ठ्याने लिहून ठेवते, सगळ्यांना एकच मजकूर. त्यातली एक लावली नि दिलं. सून पिशवी उचलून निघाली.

ती गेल्यावर मैत्रीण म्हणाली, "तुला कळलं नाही का? बाईंचे मिस्टर वारले. नाशिकलाच. पंधरा दिवस झाले. बाई कालच परत आल्यात."

मी हातातली टेप टाकून जिन्याकडे बघितलं. तिची सुई थांबली. "चिठ्ठी लावलीस?"

"लावली."

"वाट लागली. जा, वर जा, पाया पड."

दोनदा तिसऱ्या मजल्यावर गेले. दाराबाहेर चपलाच चपला. दोनदा खाली आले. पहिला विचार धंद्याचाच आला, खोटं कशाला सांगू. बाई यायच्या थांबल्या तर त्यांच्या मागोमाग निम्मी गिऱ्हाइकं जाणार. पण रात्री अंग टाकल्यावर आठवत राहिलं ते दुसरंच. तसला कागद, वडील गेले त्या दिवसांत, कुणी माझ्या आईच्या हातात दिला असता तर?

तीन आठवड्यांनी बाई स्वतः आल्या. जांभळं ब्लाउज मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या, पर्समधून चिठ्ठी काढली. शेवटच्या 'सौभाग्य अखंड राहो' या ओळीवर लाल रेघ मारलेली.

"ही ओळ काढलीय."

"बाई, मला खरंच माहीत नव्हतं..."

"माहीत असतं तर काय केलं असतंस?"

"काही लावलंच नसतं."

"सगळे तेच करतायत. परवा शेजारीण लग्नाची पत्रिका घेऊन आली. मी समोर बसलेली, आणि हळद लावलेली पत्रिका तिने सुनेच्या हातात दिली." त्यांनी चिठ्ठी घडी घालून परत पर्समध्ये ठेवली. "ओळ काढ. कोपरे राहू देत. आणि ही बाही अर्धा इंच सैल कर. काचते. भाच्याच्या लग्नात घालायचंय मला."

मी मान खाली घालून उसवायला घेतलं. टाके दिसत नव्हते.

तेव्हापासून ती ओळ कुणालाच लिहीत नाही. कोपरे सगळ्यांना.

त्याच आठवड्यात गठ्ठा लिहून झाल्यावर एक कागद उरला. त्यावर आईला लिहिलं. की कागद धरायला तू मला बसवायचीस, त्यावर आज माझं पोट चालतं, आभारी आहे. चारी कोपऱ्यांना बोट लावलं आणि विचार बदलायच्या आत पोस्टाच्या पेटीत टाकून आले.

दहाव्या दिवशी आईचा फोन रोजच्या वेळेआधीच आला.

"तुझा पत्र गावला गो. कोपऱ्यांक काय लावलंस ह्या?"

"हळदकुंकू."

"माका?"

पलीकडे कागदाची कुरकुर ऐकू येत होती.

"बोटाक लागला माझ्या," आई म्हणाली. "पुसूचा काय?"

"नको गो आये," मी म्हटलं. "रवांदे तसाच."