प्रोफिराचे सात ट्युलिप

आमच्या दोरोहोई गावच्या बाजारात माझं टेबल मुळ्यांचं आणि कांद्याच्या पातीचं, शेजारचं प्रोफिराचं, फुलांचं. एकवीस वर्षं आम्ही शेजारी बसतो. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि तिच्यावर चिडायचाही.

बाई कष्टाळू. घरामागे प्लास्टिकच्या आडोशाखाली ट्युलिप वाढवते, पहाटे कापते, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलवरून आणते. टेबलामागच्या पत्र्यावर तिच्या मुलाचा, सोरिनचा, फोटो चिकटवलेला. त्याखाली लोणच्याच्या बरणीत सात ट्युलिप. हंगाम संपला की जी मिळतील ती फुलं, पण सातच.

सोरिन स्पेनला बांधकामावर होता. एका सकाळी खोलीवरून कामाला म्हणून निघाला आणि कामावर पोचलाच नाही. नऊ वर्षं झाली. ना फोन, ना चिठ्ठी, ना प्रेत. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची आणि मेलेल्याला सम. सात म्हणजे तिचा मुलगा जिवंत.

"प्रोफिरे, पुरे कर आता," मी म्हणायचे. "असता तर आईला एक फोन केला नसता?"

"तू तुझे मुळे बघ."

मला तिचा राग यायचा. मी माझ्या नवऱ्याला पुरलं, सहा कार्नेशनची फुलं ठेवली, पोटभर रडले आणि दुसऱ्या आठवड्यात बाजारात येऊन बसले. हिचंच दुःख काय असं वेगळं, असं वाटायचं.

यंदा मार्चच्या सुरुवातीला तिची सून मिरेला स्पेनहून आली. सोबत अकरा वर्षांची नात इलिंका, आणि डोरेल, ज्याच्यासोबत मिरेला आता राहते. तीन दिवस गाडी चालवत आले. बाप हरवला तेव्हा इलिंका दोन वर्षांची होती. मार्च लागला की आमच्याकडे बांधतात तो लाल-पांढरा दोरा आजीनं तिच्या मनगटाला बांधला होता आणि पोरगी सगळ्या बाजाराला तो दाखवत फिरत होती.

"हा काढायचा कधी, आजी?"

"महिना संपला की. मग जर्दाळूच्या फांदीला बांधायचा."

"का पण?"

"ते जर्दाळूला विचार. मी फुलं विकते."

पण मिरेला काही दोऱ्यासाठी आली नव्हती. आठ तारखेला सकाळी, टेबल मांडता मांडता तिनं विषय काढलाच.

"आई, परवा कोर्टाची तारीख आहे. तुम्ही एवढंच सांगायचं, की नऊ वर्षांत त्याची काही खबर नाही."

"म्हणजे मी माझ्या तोंडानं त्याला मेलेला म्हणायचं?"

"मला डोरेलशी लग्न करायचंय. मी छत्तीस वर्षांची झाले. ना बायको, ना विधवा. मी काय करू, सांगा ना."

प्रोफिरा देठ कापत राहिली. मिरेला वाईट नव्हती, हीच पंचाईत. वाईट असती तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

आठ मार्च म्हणजे आमच्याकडे बायकांचा दिवस. तोंड न धुतलेले पुरुषसुद्धा फुलांसाठी धावतात. दहाच्या सुमाराला एक जाडा ड्रायव्हर धापा टाकत आला.

"चार द्या, लवकर!"

"बायको जिवंत आहे ना रे तुझी?" मी मुळ्यांमागून ओरडले.

"आहे की! चांगली ठणठणीत!"

"मग तिला मारायला निघालास का? तीन घे, नाहीतर पाच!"

सगळे हसले. इलिंकाला काही कळेना, म्हणून मीच तिला समजावलं. हो, मीच. पोरीला भारी मजा वाटली. दुपारपर्यंत ती प्रत्येक गिऱ्हाइकाला दरडावून विचारत होती, "जिवंत की मेलेलं?" आणि झरझर मोजून देत होती. प्रोफिरासुद्धा दोनदा हसली. मला वाटलं, चला, दिवस बरा चाललाय.

चार वाजता बादलीत सात ट्युलिप उरले. फोटोखालची फुलं माना टाकून बसली होती. इलिंकानं ती काढली, बरणीत ताजं पाणी भरलं आणि उरलेली फुलं हातात घेऊन उभी राहिली.

"आजी, बाबांना किती?"

मिरेला झटकन पुढे झाली, "इलिंका, गप्प बस!"

"पण नियम आहे ना? आणि आपण कोर्टात..."

प्रोफिरानं हात वर करून सुनेला थांबवलं. पोरीकडे बघितलं. पोरीचं कपाळ थेट सोरिनचं. नऊ वर्षं मी जे प्रोफिराच्या कानीकपाळी ओरडत होते, ते आता ती स्वतःच बोलणार, हे मला कळलं. आणि तिनं ते बोलू नये म्हणून मी देवाची विनवणी करत होते.

"सहा," प्रोफिरा म्हणाली.

इलिंकानं मोजून सहा फुलं बरणीत ठेवली. सातवं प्रोफिरानं तिच्या हातातून घेतलं, एप्रनला देठ पुसला आणि मिरेलापुढे धरलं. "घे गं. बायकांचा दिवस आहे." मिरेला ते फूल धरून तिथंच खोक्यावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. डोरेल दूर गाडीपाशी टोपी चुरगाळत उभा राहिला.

प्रोफिरा रडली नाही. तिनं टेबलावरची पानं झाडली, कात्री पुसली, बादली उपडी केली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"झाम्फिरे, परवा माझं टेबल सांभाळशील? मला कोर्टात जायचंय."