इनासच्या गावचा स्कॉटिश कवी

इनासच्या मुलीचा, रोझीचा, फोन आला तेव्हा मी तिला बोलूच दिलं नाही. "बाबांना सांग, यंदा जेवणाला बोंबील मी आणणार," इथून सुरुवात करून मासळीच्या भावापर्यंत पोचलो. उत्तनसारख्या मासेमारीच्या गावातल्या माणसाकडे भाईंदरहून बोंबील नेणारा शहाणा मी एकटाच! तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, बाबा सकाळी गेले..."

इनास तरुणपणी जहाजावर नोकरीला होता. तिथल्या एका स्कॉटिश इंजिनियरने त्याला आपल्या देशातल्या अठराव्या शतकातल्या एका कवीचं पुस्तक दिलं, शब्दन् शब्द समजावला. कवी गरीब शेतकरी. शिकलेली मंडळी इंग्रजीत लिहीत होती, तेव्हा हा शेजारीपाजारी बोलतात तशा स्कॉट्स बोलीत लिहायचा. चाळिशी न गाठताच गेला. त्याच्या वाढदिवसाला तिकडे लोक अजून एकत्र जेवतात, कविता म्हणतात. इनासने त्या कविता उत्तनच्या बोलीत आणल्या आणि दर जानेवारीत तसंच जेवण घालू लागला.

पहिल्या वर्षी "आमच्या कवीच्या आठवणीचं जेवन हाय, ये," एवढंच म्हणाला. मी पांढरा सदरा घालून, हार घेऊन हजर! त्याच्या बायकोचं, मोनीबायचं, हात जोडून सांत्वनही केलं. "त्याला जाऊन दोनशेच्या वर वर्सं झाली, भाऊ," ती म्हणाली. "हार आता कोनाला घालू?"

ती फजिती पचली. दुसरी नाही पचली. मी निवृत्त मुद्रितशोधक, त्यामुळे हात शिवशिवतात. पुस्तक काढायचं म्हणून इनासने मला त्याच्या बोलीतल्या कवितांची वही वाचायला दिली, तर मी महिनाभर खपून ती अख्खी छापील मराठीत उतरवली आणि ऐटीत त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोन पानं वाचली. "चांगलं हाय रे. पन ह्यो मानूस माझ्या गावचा न्हाय." पुन्हा पुस्तकाचं नावही काढलं नाही. माफी मागायची मी पुढच्या भेटीवर ढकलत राहिलो...

त्या कविता त्या बोलीत म्हणणारा तोच एक. रोझीची मुलं तर घरातही हिंदीत भांडतात. म्हणजे वही उरली तरी कविता त्याच्याबरोबरच गेल्या, आणि त्याला हातभार माझा, हे मनातून जाईना. पण मोनीबायने निरोप धाडला, "जेवन होनार. तू वाच." गेलो. इनासची मूळ वही घेऊन उभा राहिलो. चौथ्या ओळीला शेजारचा एक नाखवा म्हणाला, "भाऊ, बातम्या सांगतोस काय?" सगळे हसले. मोनीबाय वाढता वाढता थांबली. "बस तू."

आणि हातात पळी तशीच धरून तिने म्हणायला सुरुवात केली. तिला अक्षर वाचता येत नाही. पण इनास ओळी जुळवायचा तो तिच्यासमोर, ती सुकी मासळी निवडत असताना. एकही शब्द अडला नाही. फक्त दर दोन ओळींनंतर ती क्षणभर थांबायची. मी वहीत पाहिलं, तिथे थांबायची काही खूण नव्हती.

रोझी माझ्या कानाशी म्हणाली, "तिथे बाबांना खोकला यायचा."