मागाच्या खड्ड्यातली बाळंतीण

चार विणकर एका जागी बसले की सुताच्या गोष्टी निघतात. माझ्यापाशी बसले की मांजरीच्या निघतात. मी नको म्हणतो, तरी कुणीतरी म्हणतंच, "ते खड्ड्यातलं सांग की." एक सांगितलं की त्याच्या मागं दुसरं येतं. वैताग माझा आणि करमणूक लोकांची, असं चाललंय.

*

आमचा माग घरातच. जमिनीत मांडीइतका खोल खड्डा. आपण काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि खालच्या पावड्या दाबत वर विणायचं. मोडनिंबच्या अक्काच्या थोरल्या पोरीचं लग्न वीस दिवसांवर आलं होतं. नवरीला पिवळं लुगडं मामानं द्यायचं, आणि मामा विणकर. मी नवी पेठेतून विकतचं नेलं असतं तर मोडनिंबात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

पिवळ्या उभ्या सुताचा ताणा मागावर चढवला, हात जोडले, पाय खाली सोडले. खालून कुणीतरी फिसकारलं. वाकून बघतो तर आमची मांजरी व्यायलेली, चार पिल्लं घेऊन आरामात पडलेली.

आई आली, वाकली, म्हणाली, "धा दिस माग बंद. बाळंतीण हाय ती."

"आई, लग्न हाय."

"मग? तिला सांगू का, नंतर ये म्हणून?"

*

आईनं मग रीतसर बाळंतपण मांडलं. सकाळी दूध, दुपारी तूप घातलेला शिरा. तिसऱ्या दिवशी ओव्याची धुरी. मांजरी शिंकत शिंकत बाहेर पळाली, पिल्लं ओरडायला लागली, आणि माझ्या पिवळ्या ताण्याला ओव्याचा वास लागला. मी चिडून विचारलं, "माझ्या वेळी तरी एवढं केलं होतं का कुणी?"

आई शेगडी उचलत म्हणाली, "तुझ्या येळंला तिसऱ्या दिशी सुताच्या कांड्या भराय बसले हुते मी."

त्या दिवसापासून शिऱ्याला तूप मीच आणून दिलं.

*

सहाव्या दिवशी आई देवळात गेली. मी पिल्लं गुपचूप टोपलीत घालून चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवली आणि मागावर बसलो. मांजरीनं टोपलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि एकेक पिल्लू तोंडात धरून परत खड्ड्यात नेलं. चार खेपा केल्या. चारही वेळा माझ्या मांडीवर पाय देऊन खाली उतरली.

*

"मांजर पिल्लांना सात घरं दावती," आई म्हणाली. "आपणहून जाईल की."

अकराव्या दिवशी खरंच निघाली. पहिलं घर बायकोची ट्रंक. दुसरं जोंधळ्याची कणगी. तिसरं भिंतीपलीकडच्या नरसक्काचा माग. ती तेलुगू विणकरीण, तिचाही खड्डा आमच्यासारखाच. मी लगेच बसलो आणि वीतभर विणून काढलं. इतक्यात नरसक्का पदरात चारी पिल्लं घेऊन दारात उभी. मागं मांजरी.

"तुमची बाळंतीण तुमी सांभाळा की. आमालाबी पोट हाय."

मी आईला म्हटलं, "सात म्हणालीस, तीनच झाली."

आई म्हणाली, "चौथं हेच."

*

नऊ दिवस उरले. झक मारत पाय खाली सोडले. पहिल्या तासात पोटरीवर पाच ओरखडे. मग पावड्या खालीवर व्हायला लागल्या आणि पिल्लं त्या ठेक्यावर झोपली. बरं वाटलं. पण धोटा थांबला की पिल्लं रडायची, पिल्लं रडली की मांजरी माझा पाय फाडायची. मिलचा दुपारचा भोंगा झाला तरी जेवायला उठता येईना. बायकोनं भाकरीचे घास भरवले. हसत होती ती, मला सगळं कळत होतं. नऊ वार लुगडं सहा दिवसांत उतरलं. इतकं सलग मी जन्मात विणलं नव्हतं.

*

मोडनिंबला लंगडत पोचलो. अक्कानं लुगडं उलगडलं, काठावरनं हात फिरवला आणि डोळ्याला पदर लावला.

"बापू, किती जीव लावून इनलंस रे!"

मी धोतर पोटरीवरच्या ओरखड्यांवर नीट ओढून घेतलं. पण भाची ते नेसून मांडवात आली तेव्हा माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

*

पुढच्या वर्षी अक्काचं पोस्टकार्ड आलं. थोरलीला मुलगा झाला, सुखरूप सुटली, सुइणीला काही करावंच लागलं नाही. सासरची माणसं म्हणतात, हा मामाच्या लुगड्याचा गुण. आई लग्नात सगळ्यांना सगळं सांगून बसली होती, हे मला त्या कार्डावरून कळलं. खाली लिहिलं होतं, 'धाकटीचं लग्न ठरलंय. तिचं लुगडंही तूच विण. पण तसंच विण. खड्ड्यात मांजरी व्यायलेली असतानाच.'

मी कार्ड आपटलं. "आता मांजरीनं कधी व्यायचं हेबी मीच ठरवू काय?"

आईनं मांजरीच्या पोटावरनं हात फिरवला.

"म्हैना हाय अजून," ती म्हणाली. "तू ताणा लावून ठेव."