ढवळीने ओ दिली

या सदरात लिहिणाऱ्या बहुतेकांचा आधी कशावरच विश्वास नसतो, हे मी वाचत आलेय. माझा तर अजूनही नाही. सोसायटीतल्या बायका असले किस्से सुरू करायच्या, तेव्हा "त्या हडळीचं आधार कार्ड बघितलंत का?" असं विचारून मी सगळ्यांचा विरस करायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तुम्हीही हसा, मी रागावणार नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी तरुण होते — फक्त एकोणसाठ! नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा कॅनडात, नात मोबाइलच्या स्क्रीनएवढी. पुण्यातल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून काय करायचं, म्हणून मस्कतला दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं. राहायला वादी कबीरमध्ये, ऑफिस बौशरला. जुने कागद स्कॅन करून, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून जपणारी छोटी कंपनी. मी त्यांची सिस्टिम्स मॅनेजर. केसांना कलप, गळ्यात आयडी कार्ड आणि आवाजात असा रुबाब, की जणू इंटरनेट मीच शोधलंय!

सर्व्हर रूममध्ये पाच स्टोरेज कंट्रोलर होते — डिस्कांनी भरलेल्या, नेटवर्कला जोडलेल्या पाच पेट्या समजा. त्यांना नावं दिली होती आमचे टेक्निशियन, कणकवलीकडचे सावंत यांनी. कपिला, तांबू, चांदी, मोरी आणि ढवळी. घरच्या गायी!

"सावंत, हा काय गोठा आहे? एक, दोन, तीन असे नंबर द्या."

"मॅडम, नंबराने हाक मारली तर ओ कोण देणार?"

माझं काम होतं एक नवी सर्व्हिस बसवायचं. ती मागे गुपचूप चालत राहते आणि अधूनमधून नेटवर्कवर हाक देते — कोण कोण आहे? जो कंट्रोलर ओ देईल त्याचं नाव यादीत घेते, त्याच्याशी जोडून घेते. आधी हे सगळे पत्ते हाताने लिहावे लागत. आठवड्याभरात उरकेल अशी मला इतकी खात्री, की जुना रोजचा बॅकअप मी आधीच बंद करून टाकला. कुणाला विचारलंसुद्धा नाही. शहाणी!

काम तीन महिने लांबलं, आणि ते संपत आलं त्याच आठवड्यात सर्व्हर रूमचा एसी बंद पडला आणि ढवळीचा बोर्ड जळला. आतलं काहीच वाचता येईना.

ढवळीवर सलीमच्या वडिलांचा आवाज होता. सलीम आमच्याच ऑफिसातला, मूळ रुस्ताकचा. त्याचे वडील गावच्या फलजचं, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या पाटाच्या पाण्याचं वाटप करायचे. कुणाची पाळी कधी, ते तारे बघून सांगायचे. त्याच तीन महिन्यांत सलीमने चौदा बैठकांत त्यांच्याकडून ते सगळं वदवून घेतलं, आणि पंधरा दिवसांत ते गेले. दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

हा सलीम रोज अकरा वाजता माझ्या टेबलावर काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा कप ठेवायचा आणि दोन मिनिटं बसायचा. अख्ख्या ओमानमध्ये कामाशिवाय माझ्याशी बोलणारा हा एकच माणूस. त्याने विचारलं, "सिस्टर, बॅकअप है ना?" मी म्हटलं, "होगा, इन्शाल्ला." होगा! बंद करणारी मीच. हे त्याला कळलं असतं, तर अकरा वाजता कोण येणार होतं?

गुरुवारी मी ढवळीचं नाव सर्व्हिसच्या फाइलमध्ये 'वगळा' या यादीत टाकलं. म्हणजे तिने ओ दिली तरी लक्ष द्यायचं नाही.

शुक्रवार सुट्टीचा. आमच्या बिल्डिंगखाली एरवी शाळेच्या बसेसचा गोंगाट. शुक्रवारी इतकं सामसूम की फ्रिजची घरघर सोबतीला वाटायची. कंटाळून दुपारी दोनला ऑफिसात जाऊन बसले. सर्व्हिस रीस्टार्ट केली. स्क्रीनवर नावं उमटली — कपिला, तांबू, चांदी, मोरी. चारच यायला हवी होती. मी चष्मा पुसून परत घातला, तर पाचवी ओळ.

ढवळी. कनेक्टेड.

वाटलं, सावंतांनी मला न सांगता दुरुस्त केली, 'वगळा' यादीतूनही काढली. फोल्डर उघडला — चौदाच्या चौदा फाइल्स. माझ्या कॉम्प्युटरवर कॉपी सुरू केली आणि आनंदाने फोन लावला.

"सावंत, शाब्बास! ढवळी उठली की!"

पलीकडे कुकरची शिट्टी. "कोण उठली?"

"ढवळी हो. तिसरी फाइल चाललीय."

"मॅडम... ती माझ्या टेबलावर आहे. पोट उघडून ठेवलंय तिचं. बोर्ड बाहेर काढलाय, वायर एक नाही."

सावंतांचं टेबल माझ्या पाठीमागच्या खोलीत. मध्ये काचेचं दार.

"थांबा, बघून येते."

"उठू नकात!" घाबरले की सावंत मालवणीवर यायचे. "जवसर देता हा, तवसर घेवा. मधी उठलात तर लाथ मारीत!"

आणि मी — हडळीला आधार कार्ड विचारणारी — धार काढायला बसल्यासारखी बसून राहिले. मानसुद्धा वळवली नाही. फोन चालूच. मधूनच सावंत विचारायचे, "कितवी?" मी सांगायचे, "नववी." पलीकडे फोडणी चरचरायची, ताटली वाजायची. भीती तर होतीच... पण खरं सांगू? सुट्टीच्या दिवशी इतका वेळ कुणी माझ्यासोबत असल्याला कितीतरी महिने झाले होते. चौदावी फाइल संपू नये असंही क्षणभर वाटलं.

ती संपली आणि ढवळीची ओळ यादीतून गेली.

मग उठले. पेटी टेबलावरच होती, झाकण उघडं, जळका बोर्ड वर्तमानपत्रावर. हात लावला — थंडगार. परत येऊन पहिली फाइल लावली. म्हाताऱ्याचा खोकला, मग संथ अरबी. एक शब्द कळला नाही. तरी शेवटपर्यंत ऐकली.

लॉगमध्ये ढवळीचा पत्ता, वेळ, सगळं नोंदलेलं आहे. जाणकार म्हणतात, दुसऱ्या पेटीने तिच्या नावाने उत्तर दिलं असेल. असेल. पण बाकीच्या चारही पेट्या मी उलट्यापालट्या करून शोधल्या. त्या फाइल्स कुठेच नव्हत्या.

रविवारी सलीमला चौदा फाइल्स दिल्या. त्याने विचारलं, कसं केलंस? मी म्हटलं, "रिपेअर किया." त्याने छातीवर हात ठेवला. तेव्हापासून दर रविवारी तो रुस्ताकहून खजुराचा डबा आणू लागला. वर्षभर! एकेक खजूर खाताना तो बंद केलेला बॅकअप आठवायचा.

शेवटच्या दिवशी मी सगळं ओकले — बंद केलेला बॅकअप, तो शुक्रवार, सगळं. सलीम शांतपणे म्हणाला, "मालूम है. सावंत उसी हफ्ते बोला."

"और ढवळी? वो कैसे आई?"

त्याने खांदे उडवले. "अल्ला आलम." म्हणजे अल्लालाच ठाऊक.

"तो फिर पूरा साल खजूर किसलिए?"

"सिस्टर, तुम रोज अकेला खाना खाता था."

इतकी वर्षं झाली. ढवळीने ओ कशी दिली, याचा उलगडा अजून झालेला नाही. त्या दिवशी मात्र मी डब्यातला एक खजूर उचलला, अर्धा सलीमला दिला आणि अर्धा खाल्ला.